लांबची पायरी

धैर्यशीलनं पुण्याहून पाठवलेला साउंडबार
तीन दिवस कॉटखाली पडून होता.
हातभर लांब, काळा,
मुका.

टीव्ही आमचा अकरा वर्षांचा.
भिंतीपासून पुढं ओढला
आणि मोबाइलच्या उजेडात
पहिल्यांदाच बघितली त्याची पाठ:
कोळिष्टकं, कुठल्याशा बारशातली झिरमिळी,
आणि ओळीनं भोकं.
लाल, पांढरं, पिवळं, डीव्हीडीच्या काळातली.
एक चौकोनी, झाकण लावलेलं.

साउंडबारला मात्र एकच गोल, हेडफोनच्या पिनीएवढं,
आणि एक चपटं.
चपट्याची वायर टीव्हीतही बसली,
अगदी नीट बसली
आणि काही बोलली नाही.

"बसली म्हंजे जुळली न्हाई,"
आप्पा खुर्चीतूनच म्हणाले.
"पिच येगळा असंल.
दोन आटं आत जातंय, मग अडतंय."

उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर.
दोन माप जुळेनात तर
मधे बसणारा बुश कातून द्यायचे, चहा गार व्हायच्या आत.
त्या शेडमध्येच बारीक आवाज गेले त्यांचे.
कुकरची शिट्टी गेली, फोनची रिंग गेली,
माझ्या धाकटीचं बोलणं गेलं.
जाड तेवढे राहिलेत: ट्रक, ढोल, माझं ओरडणं.

राजारामपुरीत मुजावरच्या दुकानात
वायरींचे घोस टांगलेले.
मी कागदावर काढून नेलं होतं,
एक चौकोन, एक गोल.
त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"ताई, तुमचा टीव्ही उजेड सोडतोय.
ह्याला पायजे करंट.
मधी कोणतरी पायजे, दोघांचं समजणारं."
काडेपेटीएवढा डबा, साडेसातशे.
घासाघीस करून सहाशे साठ.
"वायर मुडपू नका," मागून ओरडला,
"आत काच हाय असं समजा."

घरी येऊन चौकोनात वायर खोवली
तर दुसऱ्या टोकाला लाल ठिपका,
डाळिंबाच्या दाण्याएवढा.
आप्पांनी तो तळहातावर पाडून बघितला.
"ह्यो आवाज?"
"हो."
"ह्यो?"
मग ते टोक त्यांनी कानाजवळ नेलं.
मी हसले नाही.

डब्याला वीज दिली. नुसती खरखर.
मेनूत शिरले, पीसीएम नावाचं काहीतरी निवडलं,
का ते मला अजून माहीत नाही.
केबलवर स्टेडियमची मॅच चालू होती,
दोन पेठा, चिखल, शून्य-शून्य.
आणि आवाज आला.
फरशीतून पायात चढला, असा आला.
पण
चेंडू निघून गेला,
मग धप्प.
रेफ्रीचा हात वर,
मग शिट्टी.

"उशीर होतोय आप्पा," मी रिमोट उचलला.
"डब्याला वेळ लागतोय. थांबा, जुळवते."
ते खुर्चीच्या कडेला आलेले.
"ऱ्हाऊ दे."
"अहो, चित्र आधी, आवाज मागनं—"
"ऱ्हाऊ दे म्हंतोय न्हवं.
लेथवर नवा हुतो तवा
पार लांबच्या पायरीवर बसायचो आमी.
पाय आधी दिसायचा.
आवाज मागनं यायचा, चालत."

मी रिमोट खाली ठेवला.
पडद्यावर परत हात वर झाला, शिट्टी वाजली.
ती त्यांना आलीच नाही, हे मला कळलं.
मग लोक उठले,
त्या उठण्याचा जाड आवाज भिंतीवर आपटला
आणि ज्यांना मी बाथरूमपर्यंत धरून नेते
ते आप्पा
हात न टेकता उभे.

"पिवळं कार्ड कुणाला गं?"
मी ओरडून नंबर सांगितला.
त्यांनी मान हलवली,
जरा उशिरानं.